आधी रेकॉर्ड बघा, मग यंत्र

जुनं घर रिकामं करायला घेतलं, की माळ्यावर पितळी डब्यांच्या मागे दडलेला रेकॉर्डचा गठ्ठा खाली येतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर ‘स्वस्त रेकॉर्ड प्लेअर’ शोधतं, सुटकेससारखा दिसणारा एक रंगीत डबा पाच-सहा हजारांत मागवतं आणि पहिल्याच संध्याकाळी त्यावर आजीच्या आवडीची हिराबाई बडोदेकरांची रेकॉर्ड लावून बसतं. मला येणाऱ्या बहुतेक फोनांची सुरुवात इथूनच होते. ‘खरखर फार येतेय’, ‘सुई घसरतेय’, ‘आवाज बाईंचा वाटतच नाही’.

अशा सगळ्यांना मी एकच विनंती करत आले आहे. यंत्र निवडण्याआधी गठ्ठ्याची सुतळी सोडा. यंत्र बिघडलं तर दुसरं आणता येतं. आजोबांनी महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढून घेतलेली ती रेकॉर्ड आता पुन्हा कुणी छापणार नाही.

गठ्ठ्यात साधारण तीन प्रकार निघतील. जाड, जड, दहा इंचांची आणि पडली की कपबशीसारखी फुटणारी, ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी रेकॉर्ड. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं. ही लाखेची असते. बांगड्यांची आणि पत्रावर मोहोर करायची तीच लाख, त्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली. दुसरी सात इंचांची, हलकी, ४५ फेऱ्यांची. सिनेमाची आणि भावगीतांची दोन किंवा चार गाणी तिच्यावर असतात. तिसरी बारा इंचांची एलपी, ३३⅓ फेऱ्यांची, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं चालणारी. शेवटच्या दोन्ही व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच एका प्रकाराच्या.

हे वेगळं करून बघायला सांगते त्याला कारण आहे. युरोप-अमेरिकेत ७८ची रेकॉर्ड १९५०च्या दशकात मागे पडली. आपल्याकडे ती १९६०च्या दशकातही निघत होती. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८वर छापली गेली. त्यामुळे मराठी घरातल्या गठ्ठ्यात, विशेषतः नाट्यसंगीत आणि भावगीतांचा शौक असलेल्या घरात, ७८च्या रेकॉर्ड बऱ्याच असतात. आणि आज बाजारात मिळणारी बरीचशी चांगली, परवडणारी टर्नटेबलं फक्त ३३⅓ आणि ४५ या दोनच वेगांवर चालतात. परदेशी वाचकांसाठी लिहिलेल्या शिफारशी वाचून यंत्र घेतलं, की अर्धा गठ्ठा मुकाच राहतो.

यंत्रावर ‘७८’ असं बटण दिसलं म्हणजे काम झालं असंही समजू नका. वेग हा निम्मा प्रश्न आहे, उरलेला निम्मा सुईचा. एलपीच्या खाचेसाठी सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं. ७८ची खाच खूप रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. चौपट फरक. एलपीची सुई ७८च्या खाचेत टाकणं म्हणजे जात्याच्या खुंट्याच्या भोकात दाभण उभं करण्यासारखं. सुई दोन्ही भिंतींना टेकत नाही, तळाशी साठलेल्या धुळीत लोळत जाते. गाणं दूरवरून येतं आणि त्याच्यावर तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येत राहतो. माणसं म्हणतात, ‘रेकॉर्ड जुनी झाली.’ पुष्कळदा रेकॉर्ड चांगली असते, सुई चुकीची असते.

सुटकेसछाप डब्यांवर ७८चं बटण असतं, पण सुई बहुधा एलपीचीच असते. माझा त्यांच्याबद्दलचा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. पहिलं यंत्र म्हणून मीही तसाच एक डबा घेतला होता. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणून सुईचा दाब मोजला, तेव्हा तो सहा ग्रॅमच्या जवळ भरला. चांगल्या टर्नटेबलवर तोच दीड ते साडेतीन ग्रॅमच्या मध्ये असतो. दाब कमी-जास्त करायची त्या डब्यात काही सोयच नव्हती. तोवर त्यावर माझ्या लाडक्या ख्यालाच्या एलपीची एक बाजू महिनाभर रोज वाजली होती. पुढे चांगलं यंत्र आल्यावर तीच बाजू लावली, तर द्रुतातल्या ताना फाटल्यासारख्या ऐकू आल्या. दुसरी बाजू, जी मी फारशी लावली नव्हती, ती स्वच्छ. ती पहिली बाजू आजही तशीच आहे.

नेमकं द्रुतातच का बिनसलं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण यंत्र पारखण्याची किल्लीच त्यात आहे. एलपी फिरते एकाच वेगानं, पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम वीस-एकवीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. तिथले बारीक वळसे वाचायला सुई नेमकी आणि हलकी हवी. आणि आपल्या शास्त्रीय संगीताच्या एलपीवर लेबलजवळ काय असतं? सुरुवातीला विलंबित, आरामात. आणि बाजू संपता संपता द्रुत, ताना, तराणा. गायक जिथे शिखरावर पोचतो तिथेच खाच सर्वांत अरुंद वळणावर असते. सिनेगीतांच्या एलपीला वाईट सुई थोडीफार चालून जाते, आपल्या ख्यालाला नाही.

म्हणून दुकानात जाताना तोंडपाठ असलेली एक एलपी घरून न्या, आणि पहिलं गाणं न लावता बाजूची शेवटची तीन-चार मिनिटं लावायला सांगा. ‘स’ आणि ‘श’ फुसफुसतात का, तान दाणेदार येते की चिकट, तानपुरा डळमळतो का, हे ऐका. विक्रेत्यानं वाजवून दाखवलेली त्याची चकचकीत नवी रेकॉर्ड तुम्हाला काहीच सांगणार नाही.

आता प्रत्यक्ष यंत्रांकडे येऊ. घरात फक्त एलपी आणि ४५ असतील आणि खर्च आवरता हवा असेल, तर ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी६०एक्स हे माझ्या मते उतरंडीची पहिली पायरी आहे. त्याखाली उतरू नये. ते पूर्ण स्वयंचलित आहे: बटण दाबलं की हात आपोआप उठून रेकॉर्डच्या कडेला जाऊन टेकतो, बाजू संपली की परत जागेवर येतो. माझ्या आईचा हात थरथरतो. तिच्यासारख्या माणसाला एकटीनं रेकॉर्ड लावता येणं याची किंमत मी फार मोठी धरते. सुईचा दाब कारखान्यातूनच ठरून येतो, आपल्याला बदलता येत नाही, पण तो सुईला सोसणारा असतो. सुई हिऱ्याची आहे आणि झिजली की तेवढीच बदलता येते. सोनीचं पीएस-एलएक्स३१०बीटी याच जातीचं, स्वयंचलित, दोन वेगांचं, ब्लूटूथची सोय असलेलं. दोन्हींत डावं-उजवं करत बसू नका. तुमच्या गावात ज्याची सुई आणि दुरुस्ती सहज मिळते ते घ्या.

गठ्ठ्यात ७८च्या रेकॉर्ड पंधरा-वीसहून जास्त असतील आणि त्या खरोखर ऐकायच्या असतील, तर खिसा थोडा जास्त हलका करावा लागेल. त्याच कंपनीच्या एटी-एलपी१२०एक्समध्ये तिन्ही वेग आहेत. किंमत पहिल्या पायरीच्या दुपटीच्या आसपास किंवा थोडी वर जाते. तरी मी ते सुचवते, कारण त्याच्यावर येणाऱ्या व्हीएम९५ जातीच्या कार्ट्रिजची, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीची, सुई नखानं ओढून काढता येते आणि त्याच जागी ७८ची जाड सुई, व्हीएमएन९५एसपी, बसवता येते. एकच कार्ट्रिज, दोन सुया. एक लक्षात ठेवायचं: एलपीच्या सुईला दोन ग्रॅम दाब लागतो, ७८च्या सुईला पाच. सुई बदलली की दाबही बदलायचा. मागच्या वजनावरचे आकडे तिथवर पोचत नसतील तर छोट्या डिजिटल काट्यावर मोजून लावा. तो काटा काही शे रुपयांत मिळतो आणि या सगळ्या खरेदीत सर्वांत मोलाची वस्तू तीच ठरते.

दाब लावणं अवघड नाही. सुईवरची टोपी काढा, हात रेकॉर्डपासून दूर, मोकळा सोडा. मागचं गोल वजन हळूहळू फिरवत न्या. हात वर-खाली झुलेल आणि एका जागी तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगत थांबेल. ना खाली, ना वर. आता वजनाला हात न लावता त्याच्यावरची आकड्यांची चकती तेवढी शून्यावर आणा. मग वजन आणि चकती दोन्ही एकत्र फिरवून दोनवर. झालं. पहिल्या वेळी वीस मिनिटं लागतील, पुढे दोन. आणि ‘जपून’ म्हणून दाब ठरल्यापेक्षा कमी ठेवू नका. हलकी सुई खाचेत बसत नाही, भिंतींवर आपटत जाते, आणि ते आपटणं जास्त घातक असतं.

पट्ट्यानं फिरणारं चांगलं की मोटरवर थेट फिरणारं, यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. या किमतीत त्याला फारसा अर्थ नाही. पट्टा आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही वर्षांनी सैल पडतो, तो बदलायचा, इतकंच.

यंत्र घरी आणलं, जुन्या स्टिरिओला जोडलं आणि आवाज डासाएवढा आला, अशी तक्रारही नेहमीची. रेकॉर्डवर आवाज कोरताना खर्जाचा भाग कमी करतात आणि वरच्या पट्टीचा वाढवतात, म्हणजे खाच फार रुंद होत नाही आणि खरखर दबते. १९५४पासून त्याचं एक ठरलेलं प्रमाण आहे. वाजवताना ते उलटं करून आवाज मूळपदावर आणावा लागतो, शिवाय कार्ट्रिजमधून येणारा क्षीण विद्युतप्रवाह कितीतरी पटींनी वाढवावा लागतो. हे काम करणाऱ्या भागाला फोनो प्रीअँप म्हणतात. वर सांगितलेल्या तिन्ही यंत्रांत तो आतच आहे आणि मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं एक छोटं बटण आहे. तुमच्या अँप्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेलं भोक असेल, तर यंत्राचं बटण ‘फोनो’वर. नसेल, किंवा थेट स्पीकरला जोडत असाल, तर ‘लाइन’वर. दोन्हीकडे प्रीअँप चालू राहिला तर आवाज फुटतो, दोन्हीकडे बंद राहिला तर जेमतेम ऐकू येतो. यंत्र परत करायला निघालेल्या किती जणांचं काम या एका बटणानं झालं आहे!

आणि सगळे पैसे टर्नटेबलवर घालवू नका. तीस हजारांचं यंत्र दीड हजाराच्या ब्लूटूथ डब्यातून ऐकण्यापेक्षा पंधराचं यंत्र आणि उरलेल्यात बरे स्पीकर हे कधीही चांगलं.

न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून येणारा भाचा ‘मावशी, इथे जुनं टर्नटेबल स्वस्तात मिळतंय, आणू का?’ असं विचारतो. त्याला ‘नाही’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: यंत्रामागच्या पट्टीवर काय लिहिलंय? नव्या यंत्रांना अडॅप्टर असतो आणि त्याच्यावर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असलं, तर खुशाल आणू दे. पण १९७०-८०च्या काळातल्या बऱ्याच यंत्रांची मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते. अमेरिकेत ती सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्ट करून देईल, आवर्तनं मात्र ५०च राहतील, आणि ३३⅓ फेऱ्यांच्या जागी जेमतेम २८ होतील. माझ्या परिचयाच्या एका घरी असं यंत्र आलं. काळी एकमध्ये गायलेली चीज त्यावर खालच्या काळी पाचात ऐकू येत होती, तीन स्वर खाली, आणि तबला चिखलातून चालल्यासारखा. घरच्यांना वाटलं, आजोबांच्या वेळी असंच गात असतील. मी हार्मोनियम मागवली आणि षड्ज दाबून दाखवला. काही यंत्रांत ५० हर्ट्झची वेगळी पुली बसवता येते. ती मिळणार असेल तरच असं यंत्र आणावं.

मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट किंवा पुण्याचा जुना बाजार, इथे जुनी यंत्रं मिळतात आणि तिथली एक सकाळ मला कुठल्याही दुकानापेक्षा प्रिय आहे. पण जाताना दोन गोष्टी माहीत असू द्या. पितळी फुलाच्या कर्ण्याचे, कुत्र्याचं चित्र लावलेले ‘अँटिक’ ग्रामोफोन तिथे रांगेनं मांडलेले असतात. त्यांतले बरेच अलीकडे जुळवलेले. आणि खरा जुना असला तरी त्याची पोलादी सुई आणि तिच्यावरचा भार फक्त लाखेच्या रेकॉर्डसाठी आहे. लाखेतली दगडाची भुकटी सुईला घासून खाचेच्या मापाची करते, म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची रीत होती. त्या सुईखाली एलपी ठेवली तर एका फेरीत तिचं वाटोळं होतं. शोभेसाठी घ्यायचा तर घ्या, मुलांच्या हाती एलपीसकट देऊ नका.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या एचएमव्हीच्या फिएस्टा, कॅलिप्सो अशा जुन्या प्लेअरची. पुष्कळांचं बालपण त्यांच्याभोवती गेलंय, मलाही त्यांच्याबद्दल माया आहे. त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत सुईच्या कडेला एक बारीक पात असते. ती उलटवली की एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला ७८ची सुई समोर येते. आपल्या गठ्ठ्याचं दुखणं त्या काळातल्या कारागिरांना ठाऊक होतं. ७८साठी असं एखादं चालू यंत्र मिळालं तर जरूर घ्या, पण आधी सुई मिळते का ते विचारा, आणि स्टिरिओ एलपी त्याच्यावर लावू नका. दाब फार असतो. कुठलंही जुनं यंत्र घेताना तबक हातानं फिरवून बघा, कुरकुर नको. हात डावी-उजवीकडे अलगद ढकलून बघा, अडखळायला नको. सोनाराचं भिंग खिशात असू द्या. सुईचं टोक एका बाजूनं चपटं झालं असेल तर तिची किंमत भावातून वजा करा. हिऱ्याची साधी सुईसुद्धा तीनशे ते पाचशे तासच टिकते.

घरी यंत्र ठेवायची जागा जड आणि समतल हवी. भिंतीला ठोकलेली फळी पायांच्या धक्क्यापासून चांगली वाचवते, विशेषतः लाकडी तक्तपोशीच्या जुन्या घरात. ज्या टेबलावर यंत्र त्याच टेबलावर स्पीकर ठेवले, तर आवाज वाढवताच घूं सुरू होईल. स्पीकर वेगळे ठेवा. रेकॉर्ड पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक कधीच नाही.

आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर बुरशी ठरलेली. एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घेऊन, मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं पुसा, लेबल कोरडं ठेवा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा. बाजारातल्या काही सफाईद्रवांत स्पिरिट असतं. एलपीला ते थोडं चालतं. ७८ला नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॉलिशवाले चपडा असाच तर विरघळवतात. एका पुसण्यात गाणं कापडावर उतरेल. ७८ फक्त पाण्यानं, आणि लगेच कोरडी.

सगळं मांडून झालं की वेग तपासा. ॲप नको, काही नको. कागदाची बोटभर चिठ्ठी रेकॉर्डच्या कडेखाली सरकवा, निम्मी बाहेर राहील अशी. एकानं घड्याळ धरायचं, दुसऱ्यानं चिठ्ठी समोरून जाताना मोजायचं. एलपीचे तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हायला हवेत, ४५च्या रेकॉर्डचे एका मिनिटात पंचेचाळीस. एलपी अठ्ठ्याण्णववर अडली तर पट्टा किंवा वेगाचा स्क्रू बघायला हवा. शंभर भरले, की चिठ्ठी काढा आणि आवाज मोठा करा.